लाइन बंद, दिवा चालू

सकाळी सव्वासातला सीवूड्समधल्या सोसायटीच्या गच्चीवर सौरपॅनल पुसून झाली, इन्व्हर्टरला झेंडूची माळ चढली आणि अध्यक्ष केतनशेठ नारळ घेऊन उभे राहिले. सौरवीज बाहेरच्या लाइनला कायमची जोडण्याआधी वीज कंपनीची इंजिनिअर मैत्री चाचणी घेत होती. तिने लाइन बंद केली. त्यासरशी इन्व्हर्टरही आपोआप थांबायला हवा होता. पण चाचणीचा दिवा जळतच राहिला. केतनशेठ खुलले. “बघा मॅडम, तुमची लाईट गेली तरी आपली चालू! मीच सेटिंग बदलून घेतली.” “आमचा वायरमन लाइन बंद समजून तारेला हात लावील, तेव्हा तिच्यात तुमची वीज असेल.” “अहो, त्यांना सवय असते. तुमी सही करा, पाहुणे लिफ्टमध्ये आलेत.” त्या माणसाशी वाद घालणेही मैत्रीला कमीपणाचे वाटले. लिफ्टचे दार उघडेपर्यंत तिने जोडणीचे फ्यूज काढून पेटीला सील लावले होते.