वीस मिनिटांचा फोटो

माझा कॅमेरा म्हणजे बारीक छिद्र पाडलेला पत्र्याचा डबा. त्याला एका फोटोला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जो हलला, तो कागदावर उमटत नाही. घरदार सोडून आलेल्यांच्या खोल्या मी यानंच टिपते; माणसं वावरत असतात, फोटोत नुसती भांडी आणि अंथरुणं येतात.

शेवटचा फोटो आईचा घ्यायचं ठरवलं. आपलं घर सुटल्यापासून ती या भाड्याच्या खोलीत खिडकीशी ढिम्म बसून असते. वीस मिनिटं मी तिच्यावरची नजर काढली नाही. ती हलली नाही.

न्हाणीघराच्या अंधारात कागद धुतला. खिडकी आली, खुर्ची आली. आई आली नाही.

"मध्येच उठलीस का गं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"उठून जाऊ कुठे, बाई?"

मी जुन्या घराचा फोटो शोधला. गेल्या महिन्यात एकटीच जाऊन घेतलेला. तेव्हा त्यात रिकामं टेबल होतं. आता टेबलाशी आई बसली होती, केस न् केस स्पष्ट. शेजारची खुर्ची बाहेर ओढलेली होती.

माझ्या पाठीमागून आई म्हणाली, "किती वेळ उभी राहशील? बस ना."