मागच्या गोठ्यातल्या अकरा गाई

विभागप्रमुखांनी यादीवर सही करायला पेन उघडलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई दोन काचपट्ट्या घेऊन पुढे झाल्या.

"सर, सहीआधी या दोन काचा बघता? कुठली कुठल्या गाईची, याच्या चिठ्ठ्या मुद्दामच लावल्या नाहीत."

"आत्ता?" सरांनी समोर बसलेल्या गुरांच्या डॉक्टरांकडे बघून डोळे मिचकावले. "आमच्या बाईंना परीक्षा घ्यायची भारी हौस!"

यादीत अकरा गाई होत्या. प्रत्येकीपुढे एकच शेरा: कासेला आतून सूज, बरी न होणारी, कळपातून काढा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पण दुधातल्या पेशींवर सरांनी मागवलेली अँटीबॉडी टाकली, की ती म्हणे सुजेला नेमकी चिकटायची आणि हिरवी चमकायची. गेल्या महिन्यात अशाच यादीवरून सहा गाई कत्तलखान्याच्या गाडीत चढल्या होत्या. सर गोठ्यात कधी गेले नव्हते. त्यांना वास सोसत नसे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. यांचा उंट वातानुकूलित होता.

त्यांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "ही निरोगी." दुसरी पाहिली आणि ते सरसावून बसले. "या डॉक्टर, बघा! सूज कशी पेटलीये. याला म्हणतात पुरावा!"

डॉक्टरांनी पाहिलं. सगळं हिरवंगार झगमगत होतं.

"या काचेवर अँटीबॉडी टाकलेलीच नाही," बाई म्हणाल्या. "धडधाकट गाईचं नुसतं दूध आहे, एक दिवस ठेवलेलं. शिळं झालं की आपोआप चमकतं. अँटीबॉडी पहिल्या काचेवर आहे, ताज्या दुधात. ती गाय टम्म सुजलेल्या कासेची."

सरांनी दोन्ही काचा उलटसुलट करून पाहिल्या.

"ती अँटीबॉडी उंदरांसाठी बनवलेली आहे, सर. बाटलीवरच लिहिलंय. गाईची सूज ती ओळखतच नाही."

डॉक्टरांनी यादीवरून बोट फिरवलं. "या अकराही मागच्या गोठ्यातल्या," ते हळूच म्हणाले. "तिथलं दूध तुमच्याकडे एक दिवस उशिरा पोचतं."

"विज्ञानात थोडंफार असं चालायचंच," सर म्हणाले. "शिवाय काचा हिनेच केल्यात. हिच्या हाताचा काय भरवसा?"

"दोन वर्षं याच हातांच्या काचांवर तुम्ही सह्या केल्यात. मागच्या महिन्यातही मी हेच सांगत होते. तुम्ही म्हणालात, तू काचा धू."

डॉक्टर उठले. "त्या सहांतली एक गाभण होती. गाडीत चढेना. मीच ढकललं तिला, तुमच्या कागदाच्या भरवशावर." त्यांनी यादी घडी करून खिशात घातली. "बाई, गोठ्यावर येता? एकेकीच्या कासेला हात लावून बघू. गरम लागेल तीच आजारी."

बाईंनी हातमोजे काढले. दोघं दारापाशी पोचले, तेव्हा सर पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

"अगं, जायच्या आधी याचा एक फोटो काढून ठेव," मान वर न करता ते म्हणाले. "अहवालाच्या मुखपृष्ठावर काय झकास दिसेल!"