प्रेमाची बदाम सत्ती

"फुकटचं घालायला गेलात आणि घरचं घालवून बसलात, दाजी," मेव्हणा गुरुप्रसाद म्हणाला. नंदकिशोरला बाजूला सारून त्याने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची घेतली.

नंदकिशोर मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर बदामाच्या सत्तीचं चित्र असायचं, तिथे आता नुसता पांढरा चौकोन होता. दाबलं की 'प्रोग्राम सापडत नाही' एवढंच येत होतं. सकाळी त्या मोफतच्या अँटीव्हायरसने 'धोका आढळला, दूर केला' असं कळवलं होतं, आणि नंदकिशोरने शहाण्यासारखं 'ठीक' दाबलं होतं.

धोका म्हणजे त्याच्या बायकोचा, प्रेमाचा, पत्त्यांचा खेळ. तिने सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो स्वतः लिहिला होता. पत्ते कॉम्प्युटर वाटायचा, पण समोरच्या खेळाडूचं नाव प्रेमा. नंदकिशोर अडला की पडद्यावर तिचं वाक्य यायचं, 'काय हो, इतक्यात दमलात?' ती गेल्यापासून संध्याकाळच्या चहानंतर तो एक डाव खेळायचा. दुसरी प्रत नव्हती. घरातले सगळे खण उलटे करून झाले होते.

"अक्कानं केलेलं सांभाळायचं, तर चांगलं विकतचं घ्यायला नको?" गुरुप्रसाद म्हणाला. "कंजूषपणा नडला. आता आधी हे काढतो, मग विकतचं घालतो."

"आणि खेळ?"

"खेळ गेला, दाजी. निदान बाकीचं तरी वाचवू."

त्याने 'काढून टाका' दाबलं. 'नक्की काढायचं?' पडद्याने विचारलं.

"हात लावू नका!"

दारातून वल्लरी चपलेसकट आत आली. ती वरच्या मजल्यावर राहायची. हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करायची. नंदकिशोरने तिला मघाशी फोन केला होता.

गुरुप्रसादने तापल्या तव्यावरून काढावा तसा हात काढला आणि तो उठला. ती खुर्चीत बसली आणि तिने पहिल्यांदा 'नको' दाबलं.

"हे लगेच फेकून देत नाही, काका. संशय आला की आत कोंडून ठेवतं. पण हेच काढून टाकलं असतं, तर कोंडलेलंही बहुतेक त्याच्याबरोबर गेलं असतं."

गुरुप्रसादने रुमालाने मान पुसली. "स्वल्प थांब गं. संशय कुणाचा? आमच्या अक्काचा?"

"त्याला तुमची अक्का काय माहीत? खेळावर ना कंपनीचं नाव, ना कुणाची ओळख. अनोळखी दिसलं की अडवायचं, एवढंच कळतं त्याला. विकतचं असतं तरी कदाचित हेच केलं असतं."

"म्हणजे फुकटचं चालतं म्हणतेस?" गुरुप्रसाद अजून हटायला तयार नव्हता.

"काका करतात काय? मेल, बातम्या, विजेचं बिल आणि पत्ते. एवढ्याला पुरे. फक्त वेळच्या वेळी अपडेट करायचं, आणि येईल त्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. ती अक्कल विकतच्याबरोबरही मिळत नाही." ती नंदकिशोरकडे वळली. "आणि काका, एक कॉपी पेनड्राइव्हवर पाहिजेच. आज मी करून देते."

नंदकिशोरचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर उघडलेल्या यादीत कोंडलेलं एकच नाव दिसत होतं. ते प्रेमाने दिलेलं होतं. त्याने वल्लरीच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

वल्लरीने ती फाइल आपल्या पद्धतीने तपासली. त्याला तो वेळ फार वाटला.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"सरी, बरं झालं," गुरुप्रसाद पुटपुटला आणि पलंगावर बसला.

तिने 'परत ठेवा' दाबलं. लगेच एक चौकट वर आली. तिने ती वाचली आणि मान वळवली.

"विचारतंय, याच्यावर तुमचा विश्वास आहे का?"

नंदकिशोरला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, त्यामुळे ते आधी खोकल्यासारखंच निघालं.

"पत्त्यांत तिच्यावर कधीच नव्हता," तो म्हणाला. "तू हो दाब."