दाराची चौकट

"दार वाकडंय," यशश्री म्हणाली.

"दार काय बघतेस? पोरगा बघ," पप्पा म्हणाले.

"पोराच्या मागचंच दार. चौकट सरळ असते ना? इथे खांद्यापाशी आत गेलीय. बारीक केलाय याला."

शालिमार चौकाजवळच्या फोटो स्टुडिओत दिवसभर लोकांना गोरं आणि बारीक करायचं, हेच तिचं काम. ढेरी दाबली की मागची भिंतपण दबते. तिने पप्पांच्या फोनवर फोटो मोठा केला. उजव्या खांद्यावर शर्टाच्या चेक्स एकमेकींत विरघळल्या होत्या. मागे सगळीकडे ब्लर मारलेला.

"शौनक नाव आहे. संगमनेरचा, बँकेत आहे. अकरा स्थळं नाकारलीस तू. मोठीचं झाल्याशिवाय मी धाकटीचं बघणार नाही, सांगून ठेवतो."

भाकरी थापता थापता आभा थांबली. "ताई, पटत नसेल तर सरळ नाही म्हण."

"तुला काय एवढी घाई माझ्या नकाराची?"

तव्यावरची भाकरी करपली.

रविवारी तो आला. एकटाच. ना आई, ना मामा. असं कोण येतं बघायला? आभाला पप्पांनी आदल्या दिवशीच विंचूरला आत्याकडे पाठवलं होतं, आत्याचा पाय मुरगळला म्हणे. आभाचा फोनही पप्पांनी दुरुस्तीला टाकला होता.

यशश्री पोहे घेऊन बाहेर आली आणि आधी त्याचं पोट बघितलं. पोट नव्हतंच. फोटोत होता तेवढाच होता. ती चक्रावली. मग दार कशाला वाकवलं?

त्याचं लक्ष सारखं आतल्या खोलीकडे.

"घरात बाकी कोणी दिसत नाही?" त्याने विचारलं.

"एवढेच आम्ही," पप्पा म्हणाले. "पोहे घ्या."

त्याने दोन घास खाल्ले. निघताना दारात यशश्रीला म्हणाला, "तुम्ही फोटोचं काम करता ना? ऐकलंय खूप."

"कोणाकडून?"

तो वाकून बुटाची लेस बांधायला लागला. आधीच बांधलेली होती.

"आवडला?" तो गेल्यावर पप्पांनी विचारलं.

"आवडला. तेच तर. काहीतरी लपवतोय."

"संध्याकाळपर्यंत हो म्हणून कळवायचंय मला."

"उद्या सांगते," म्हणून तिने फोटो स्वतःच्या फोनवर घेतला.

सोमवारी तिने तो स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर उघडला. अजून मोठा केला. सगळ्या फोटोवर बारीक रवाळ दाणे होते, जुन्या रोलच्या फोटोवर असायचे तसे. हा फिल्टर तिला पाठ होता. काम संपलं की स्टुडिओवाले लियाकतभाई शेवटी तो मारायचेच. "बेटा, एकदम चिकना फोटो झूठा वाटतो," म्हणायचे.

"भाई, हा तुम्ही केलाय?"

लियाकतभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कस्टमर सांगतो तेवढं करतो मी."

"कोण कस्टमर?"

"चहा सांगून येतो," म्हणून ते खाली गेले. चहावाला पोऱ्या तर रोज स्वतःच वर यायचा.

ती त्यांच्या कॉम्प्युटरवर बसली. फोल्डरला कस्टमरचं नाव द्यायची भाईंची सवय. संगमनेरचं कोणी दिसेना. मागच्या आठवड्यातलं चौथं फोल्डर होतं, सावळीराम. पप्पांचं नाव.

म्हणजे पप्पांना माहीत होतं. पोरात खोट आहे हे माहीत असून तिच्या गळ्यात मारत होते. तिने दात आवळले आणि फाईल उघडली. भाईंनी फोटोवर चढवलेले थर ती एकेक करून काढायला लागली.

दाणे गेले. ब्लर गेला. मग दाराची चौकट सरळ झाली, चेक्सच्या शर्टावर पाच बोटं उमटली, आणि शौनकच्या खांद्यावर हात ठेवून आभा हसत उभी राहिली.