सुग्रीवचा बाजा

सुंदररावाने दुरुस्तीला आलेल्या अकॉर्डियनचा भाता सोडवला आणि त्याचे हात थांबले. आत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी होती. भाता ओढला की गुंडाळी फिरायची, भोकांतून हवा जायची आणि सूर आपोआप वाजायचे. सुग्रीव आजवर वरून बोटं नुसती नाचवत होता.

"कुणाला सांगू नको," समोर बसलेला सुग्रीव हळूच म्हणाला. "हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलाय."

सुंदरराव साखर कारखान्याच्या कलापथकात वीस वर्षं पेटी वाजवत होता. दुष्काळ पडला, ऊस वाळला, गाळप थांबलं. कलापथकात एकच वाजवणारा ठेवला, तो सुग्रीव; सुंदरराव घरी बसून बाजे दुरुस्त करू लागला. आता नेकनूरकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर दुपारच्या सुट्टीत माणसं त्याच्याभोवती गोळा होत. सुंदररावाची बायको बायडाबाई तिथंच खडी फोडायला जायची. घरी आल्यावरही ती सुग्रीवच्या बाजाचंच सांगत बसे. ते ऐकताना सुंदरराव अर्धी भाकरी टाकून उठे.

उन्हाने भात्याचं चामडं तडकलं होतं. ते त्याने नीट चिकटवलं. कागद मात्र पार फाटला होता.

"दुसरी कुठली बी चाल घाल," सुग्रीव म्हणाला.

सुंदररावाने तीन दिवस खपून नव्या कागदाला भोकं पाडली. चाल घातली ती स्वतःची, साऱ्या पंचक्रोशीने त्याच्याच पेटीवर ऐकलेली. लोक ती ओळखतील, सुग्रीवला जाब विचारतील आणि लबाडी उघडी पडेल, असा त्याचा हिशेब होता.

चौथ्या दिवशी दुपारी तो मुद्दाम कामावर गेला. सुग्रीवने भाता ओढला. चाल जशीच्या तशी उमटली, एक सूर इकडचा तिकडे नाही. सुंदरराव एकेक चेहरा न्याहाळत उभा राहिला. त्याच्याकडे कुणीच वळून पाहिलं नाही. बायडाबाई पदराने डोळे टिपत होती.

तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"चाल कुणाची हाय, वळखली का?"

"तुमचीच की. पहिल्याच सुराला वळखली."

"त्यो वाजवतच न्हाई. आत मशीन हाय. बोटं नुसती हलवतो."

"आसंल," बायडाबाई म्हणाली. तिची नजर सुग्रीववरून हलली नाही. "पर त्यो आमच्याकडं बघून वाजवतो. तुमी वीस वर्सं पेटीकडंच बघत बसलाव."