पुराची पिशवी

शेलूबाजारला आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून नव्या सुनेच्या, सपनाच्या, अंगात नुसता उत्साह संचारला होता. विहारामागचं त्यांचं घर नाल्याला अगदी लागून, म्हणजे पूर आला की उचलून पळायला एक पिशवी तयार हवीच. टॉर्च, मुरमुऱ्याचा चिवडा, सासूच्या बीपीच्या गोळ्या, आधार कार्डं, सगळं तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून भरलं.

पण तिची पाठ वळली की सासू, भागिरथाबाई, आपलं नाव कोरलेला स्टीलचा पेला हळूच पिशवीत कोंबायच्या. सपना तो बाहेर काढायची, त्या पुन्हा कोंबायच्या. शेवटी ती वैतागलीच.

"आई, कायले उगाच वजन वाढवता? पूर आला तं वरच्या मंदिराच्या हॉलातच जायाचं हाये ना आपल्याले? तिथं लग्नाची सारी भांडी हायेत. पेले तं पोत्यानं भरून ठेवले हायेत!"

भागिरथाबाईंनी पेला पदरानं पुसला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

"मांगच्या पुरातही तेवढेच होते, माय. तरी त्याईनं आमाले वरून ओंजळीतच पानी पाजलं."