दुपारचा कालवा

आईनं टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ तापलेली होती.

"आजही?"

भिंगरीनं रिमोट उशीखाली सारला. नऊ वर्षांची पोर. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून हे नाव पडलेलं. हल्ली मात्र दोनला शाळेतून आली की कुलूप काढायची, आत शिरायची आणि टीव्हीसमोर खिळून बसायची. तेही कार्टून नाही, बातम्या! चार बाप्ये एकमेकांवर खेकसताहेत आणि ही ढिम्म बसलीय. आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. आईनं समजावलं, दटावलं, एकदा धपाटाही घातला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातच त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या घरमालकांनी तिला जिन्यात गाठलं. भला माणूस. सगळे त्यांना काकाच म्हणत.

"वहिनी, राग मानू नका, पण पोर हाताबाहेर चाललीय. दुपारभर नुसता कालवा! बंदच करून टाका तो टीव्ही."

आई शरमेनं अर्धी झाली. सकाळी कामावर निघताना तिनं टीव्हीची वायर उपसली आणि पर्समध्ये कोंबली. भिंगरीनं तिची ओढणी घट्ट धरली.

"आई, नको ना! मी बघणार नाही. नुसता चालू ठेवीन."

"नुसता चालू ठेवीन म्हणे! सोड, उशीर होतोय."

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. डोळे मिटून शीर सापडावी असा तिचा हात. पण आज चित्त थाऱ्यावर नव्हतं. नुसता चालू ठेवीन म्हणजे काय? दुपारी एका आजोबांना दोनदा सुई टोचली, तरी रक्त येईना.

"बाई, माझं राहू द्या, तुमचंच तपासून घ्या आज," आजोबा म्हणाले. तिला हसू आलं नाही. तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिनं हातमोजे काढले, लॅबमधल्या सोबतिणीला काम सांभाळायला सांगितलं आणि रिक्षा गाठली.

घराच्या दारात किल्ली फिरली, पण दार हलेना.

"भिंगरे, मी आहे, आई," ती फटीला तोंड लावून म्हणाली.

आत काहीतरी जड सरकलं. दारामागे अख्खं टेबल लावलेलं होतं. आईनं आत येऊन दार लावून घेतलं. पोर घामानं निथळत होती. हातात लाटणं.

"अगं, काय हे? फोन का नाही घेतलास?"

"बोलले असते तर बाहेर ऐकू गेलं असतं. मी एकटीच आहे हे कळलं असतं."

"कुणाला कळलं असतं?"

भिंगरी दाराकडे बघत कुजबुजली, "टीव्हीत मोठी माणसं बोलत असली ना, की ते वर येतात, दाराशी थांबतात, ऐकतात आणि परत जातात. त्यांना वाटतं, घरात कुणीतरी आहे."

"ते म्हणजे कोण?"

तेवढ्यात बेल वाजली. भिंगरीनं आईच्या कमरेला मिठी मारली. आईनं ओठांवर बोट ठेवलं, पोरीला पाठीशी घातलं आणि कडीवर हात ठेवला.

बाहेरून हलका, लाडिक आवाज आला, "भिंगरी, केला ना आईनं टीव्ही बंद? मीच सांगितलं होतं तिला. आता उघड पाहू दार."

दार आईनं उघडलं.